काय थांबवायचं ते आधी ठरव

चेन्नईच्या रेसचा पास मिळाला, भाड्याची 70-200 लेन्स मिळाली, आणि आता निघायच्या तोंडावर विचारतेस, "काका, शटर कितीवर ठेवू?" आकडा सांगतो, पण आधी तू मला सांग, फोटोत काय थांबलेलं हवंय आणि काय पळतं हवंय? रेसच्या फोटोचं सगळं या एका उत्तरावर अवलंबून असतं. हेल्मेट थांबायला हवं, चाक फिरायला हवं, मागचं गवत आणि माणसं वाहून जायला हवीत, असं मनाशी ठरलं की शटर ठरतं. शटर ठरलं की अ‍ॅपर्चर, आणि आयएसओ सगळ्यात शेवटी. हे न ठरवता उभी राहिलीस तर दिवसभर डायल फिरवत बसशील आणि गाड्या निघून जातील.

हिशोब एकदा नीट समजून घे, म्हणजे पुन्हा कोणाला विचारावं लागणार नाही. ताशी 180 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला 50 मीटर जाते. कॅमेरा जागचा न हलवता 1/1000 ला फोटो काढलास तर शटर उघडं असेपर्यंत ती 5 सेंटिमीटर सरकते. 1/250 ला 20 सेंटिमीटर. 1/60 ला जवळजवळ 83 सेंटिमीटर, म्हणजे गाडीचं दार भरेल एवढी. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर 2011 ते 2013 अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली. तिथे सरळ पट्ट्यावर गाड्या 300 च्या वर जायच्या, म्हणजे 1/1000 लासुद्धा 8 सेंटिमीटरच्या वर. हे आकडे ऐकले की नवा माणूस घाबरतो आणि शटर थेट 4000 वर नेऊन ठेवतो. फोटो हलत नाही हे खरं. पण चाकाचा आरा न् आरा मोजता येतो, टायरवरचं कंपनीचं नाव वाचता येतं, आणि गाडी रस्त्याच्या मधोमध उभी करून ठेवल्यासारखी दिसते. ड्रायव्हरने जिवावर उदार होऊन जो वेग काढला, तो आपण फोटोतून काढून टाकलेला असतो. मला याचं फार वाईट वाटतं. वेग दिसला नाही तर रेसचा फोटो काढायला इतक्या लांब जायचं कशाला?

चाकावर लक्ष ठेवायला शिक, कारण गाडीचा वेग बघणाऱ्याला आधी चाकातून कळतो. साधारण मोटारीचं चाक टायरसकट 60 सेंटिमीटर व्यासाचं धर. एका फेऱ्यात ते 1.9 मीटर जातं. 180 च्या वेगाला ते सेकंदाला 26 फेरे घेतं. मग 1/1000 सेकंदात ते फक्त साडेनऊ अंश फिरतं, म्हणजे डोळ्याला जवळपास थांबलेलं. 1/250 ला 38 अंश. 1/125 ला 76 अंश. आता पाच आऱ्यांचं चाक असेल तर दोन आऱ्यांमध्ये 72 अंशांचं अंतर असतं. म्हणजे 125 वर प्रत्येक आरा पुढच्या आऱ्याच्या जागेपर्यंत पोचतो आणि चाकाची पूर्ण गोल तबकडी होते. 250 वर आरे अर्धवट पुसलेले दिसतात, तेही चांगलं दिसतं. 500 च्या वर गेलीस की चाक थांबायला लागतं. तेव्हा बाजूने जाणाऱ्या गाडीला 250 ही तुझी सुरुवात, 125 हे तुझं घर, आणि 60 ही हात बसल्यावरची गोष्ट. वळणावर गाडी 90 वर उतरली की हेच सगळे आकडे निम्मे होतात, तिथे चाकाची तबकडी व्हायला शटर 60 वर आणावं लागतं. गाडीचा वेग बदलला की शटर बदलायचं, हे डोक्यात पक्कं ठेव.

एवढ्या हळू शटरला गाडी शार्प येते ती कॅमेरा तिच्याबरोबर फिरवल्यामुळे. पॅनिंग, पॅनिंग म्हणतात ते हेच. गाडी फ्रेममध्ये एकाच जागी राहील अशा वेगाने आपण वळायचं. मग गाडी थांबते आणि सगळं जग मागे पळतं. हे कॅमेऱ्याच्या सेटिंगपेक्षा कमरेचं आणि पायांचं काम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फोटो जिथे काढायचा ती जागा आधी ठरव. कडेचा लाल-पांढरा कठडा, एखादा खांब, रस्त्यावरचा डाग, काहीही. पाय त्या जागेकडे तोंड करून रोव, खांद्याएवढं अंतर ठेवून. मग पाय न हलवता कमरेतून वळून गाडी येते त्या दिशेला जा. बरेच जण पाय येणाऱ्या गाडीकडे करतात आणि ऐन क्षणाला कंबर पिळून अडकतात, हात थरथरतो, फोटो हलतो. आपण उलटं करायचं. पीळ सुरुवातीला घ्यायचा आणि फोटोच्या जागी शरीर सुटं, सरळ झालेलं असायला हवं. डावा हात लेन्सच्या खाली, तळवा वर. दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात, लोंबकळत नको. गाडी लांब असतानाच तिला फ्रेममध्ये घे, एका ठिकाणी नजर चिकटव. मी नेहमी हेल्मेट धरतो, बंद गाडी असेल तर पुढच्या दाराचा आरसा. बोट बटणावर हलकं ठेवून तिच्याबरोबर फिरायला लाग, श्वास अर्धा सोडून धर, आणि ठरलेल्या जागी बटण दाब, खुपसू नको. दाबल्यावर थांबायचं नाही. गाडी निघून गेली तरी कंबर फिरत राहिली पाहिजे. ज्यांचे फोटो हलतात त्यातल्या निम्म्यांचं कारण हेच, बटण दाबलं की अंग थांबतं. ज्यांच्या हाताखाली मी शिकलो ते बोलत काही नसत, फक्त खांद्यावर हात ठेवून उभे राहत. खांदा थांबला की त्यांचा हात दाबायचा. तू कोणाला तरी असंच मागे उभं कर.

आणि यासाठी चेन्नईपर्यंत थांबायचं कारण नाही. कॅमेऱ्याला किलोमीटर कळत नाहीत. एखादी वस्तू आपल्यासमोरून किती झपकन फिरते, तेवढंच त्याला कळतं. ताशी 180 ची गाडी तुझ्यापासून 45 मीटर लांबून गेली तर तुझ्या कमरेला जेवढ्या वेगाने वळावं लागेल, अगदी तेवढ्याच वेगाने 10 मीटरवरून ताशी 40 ने जाणाऱ्या एसटीसाठी वळावं लागतं. गणित करून बघ, दोन्हीकडे उत्तर एकच येतं. म्हणजे आपल्या बोईसरच्या कुंभवली नाक्यावर एमआयडीसीच्या कंपन्यांच्या बसगाड्या, टँकर, रिक्षा जातात ना, तो तुझा रेस ट्रॅकच आहे. दुपारी तीनला पाळी सुटते तेव्हा जा, गाड्यांची रांग लागते. सूर्य पाठीशी येईल ती बाजू धर, रस्त्यापासून आत, कोणाच्या वाटेत येणार नाही अशी जागा बघ. आधी 250, मग 125, मग 60. मोटारसायकलीवर सुरुवात कर, कारण चालवणाऱ्याचा चेहरा उघडा असतो आणि शार्प झाला की नाही ते लगेच कळतं. वेग वाढवायचा असेल तर चिल्हार फाट्याच्या बाजूला हायवेला जा, पण कुंपणाच्या अलीकडूनच.

दोन ठिकाणं मात्र वर्ज्य. रुळांच्या कडेला जाऊन गाड्यांचे फोटो काढायचे नाहीत. बोईसरला न थांबणारी गाडी ज्या झपाट्याने जाते, तिच्या वाऱ्यानेसुद्धा माणूस ओढला जातो, आणि डोळा कॅमेऱ्याला असताना दुसऱ्या बाजूची गाडी कळत नाही. दुसरं, अणुऊर्जा केंद्राच्या बाजूला कॅमेरा काढून फिरायचं नाही. तिथे फोटोला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. कारखान्यांच्या गेटसमोर उभं राहशील तर वॉचमनला आधी सांग. कॅमेरा बघून माणसं दचकतात, दोन शब्द बोललीस की प्रश्न मिटतो.

महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या शर्यतीला जमलं तर एकदा जाऊन ये. घोडा ताशी 60 च्या आसपास धावतो, जॉकी वर-खाली होतो, त्यामुळे आडवं पॅनिंग बरोबर असूनही चेहरा उभा हलतो. त्याच्यावर हात बसला तर मोटार सोपी वाटते, ती रस्त्याला धरून सरळ जाते. बैलगाडा शर्यतीही डिसेंबर 2021 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या परवानगीने पुन्हा सुरू झाल्या. पण तिथे धूळ इतकी उडते की भाड्याची लेन्स घेऊन मी तुला पाठवणार नाही. मोटारींच्या मोठ्या शर्यती बहुतेक आपल्या राज्याबाहेरच होतात. कोल्हापूरला मोहित्यांचा गो-कार्टचा ट्रॅक आहे आणि तिथल्या ध्रुव मोहितेने फोक्सवॅगनच्या रेसिंग कपमध्ये नाव काढलं. त्या फोक्सवॅगनचा कारखाना आपल्या चाकणचा, पण त्या कपच्या गाड्या धावायला जायच्या त्या कोईमतूरच्या कारी स्पीडवेला, नोएडाला, नाहीतर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, जिथे तू निघालीस.

समोरून येणाऱ्या गाडीचं गणित वेगळं. ती फ्रेममध्ये आडवी सरकत नाही, नुसती मोठी होत जाते, त्यामुळे पॅनिंगचा उपयोग नाही आणि मागचं काही पळत नाही. तिथे 1000 ते 1600 ठेव आणि वेग दाखवायची जबाबदारी गाडीवर सोड. वळणात शिरताना ब्रेक लागून नाक खाली दबलेलं, आतलं चाक उचललेलं, दोन गाड्या आरशाला आरसा लावून आलेल्या. हे क्षण थांबवण्यासारखे असतात. स्टार्टलाही हेच. पहिल्या लॅपला सगळ्या गाड्या एकत्र पहिल्या वळणावर येतात, ते पुन्हा दिवसभरात मिळत नाही. तिथे हौस करून 60 वर जायचं नाही. हजारावर ठेवून जे दिसेल ते पदरात पाडून घे.

आता उजेड. कॅमेरा शटर प्रायॉरिटीला ठेव. तुझ्या कॅमेऱ्यात एस असेल किंवा टीव्ही लिहिलेलं असेल. आयएसओ 100 ला बांध. ऑटोवर सोडलास तर कमाल मर्यादा घाल. दुपारच्या लख्ख उन्हाचा जुना हिशोब असा, आयएसओ 100, अ‍ॅपर्चर 16, शटर 1/100. रोलच्या काळात मीटर नसला तरी आम्ही यावरच निभावून न्यायचो आणि तो आजही चुकत नाही. पण इथेच पॅनिंगवाला अडकतो. शटर 60 वर आणलंस की अ‍ॅपर्चर 20 पर्यंत जातं. इतकं बारीक भोक झालं की फोटो मऊ पडतो, शिवाय सेन्सरवरचा प्रत्येक कण आकाशात काळा ठिपका होऊन बसतो. उपाय म्हणजे लेन्ससमोर काळी काच. पोलरायझर लावलास तर दीड-दोन स्टॉप उजेड कमी होतो आणि विंडशील्डवरची चकाकी गेल्याने आतला ड्रायव्हरही दिसतो. मी मोटारींना हाच लावतो. फार हळू जायचं असेल तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर घे. तो लावून 60 ला अ‍ॅपर्चर 7-8 च्या आसपास राहतं, लेन्स तिथे उत्तम चालते. ढग आले की फिल्टर आधी काढायचा, मग बाकीचं बघायचं. नाहीतर आयएसओ ऑटोवर असेल तर कॅमेरा तो गुपचूप चढवत राहतो.

पांढरी गाडी फ्रेम भरून आली की मीटर फसतो आणि फोटो अंडर होतो, काळी आली की ओव्हर. ऊन स्थिर असेल तर मॅन्युअलला जा. कडेच्या गवतावर नाहीतर डांबरावर एक्स्पोजर घे, पांढरी गाडी जळत नाही ना ते एकदा बघ, आणि मग गाड्यांचा रंग विसरून जा. उन्हाचा आणि ढगांचा लपंडाव चालू असेल तरच ऑटो. व्हाइट बॅलन्स उन्हाच्या चिन्हावर ठेवून दे, त्यावर जास्त वेळ घालवण्यासारखं काही नाही.

फोकस सतत पाठलाग करणाऱ्या मोडला ठेव, कॅननमध्ये त्याला सर्व्हो म्हणतात, बाकीच्यांत एएफ-सी. एकच बिंदू न घेता मधला छोटा गट घे. नव्या मिररलेस कॅमेऱ्यात गाडी ओळखण्याची सोय असते. ती चालू कर, हेल्मेटला धरते का ते आधी नाक्यावर तपासून घे. फोकस मागच्या बटणावर आणलास तर फार बरं, म्हणजे अंगठा फोकसचा आणि तर्जनी फोटोची, दोघांची कामं वेगळी. मध्येच खांब आला की अंगठा उचलायचा, खांब गेला की परत ठेवायचा. कॅमेरा जुना असेल, फोकस धावत असेल, तर सगळं ऑटो बंद करून ठरलेल्या कठड्यावर हाताने फोकस लाव आणि गाडी तिथे आली की दाब. वळणावर बहुतेक सगळे ड्रायव्हर आतल्या कठड्याला त्याच बोटभर जागेवर चाक लावतात, त्यामुळे हा जुना उपाय अजूनही खणखणीत चालतो.

लेन्समध्ये हात स्थिर करण्याचं बटण असतं. ते चालू ठेवून पॅनिंग करताना ते आडव्या हालचालीलाही थरथर समजून अडवतं. कॅनन आणि सोनीच्या लेन्सवर 2 नंबरचा मोड पॅनिंगसाठी असतो, निकॉनवर नॉर्मल किंवा स्पोर्ट ठेव, अ‍ॅक्टिव्ह नको. असा मोड नसेल तर सरळ बंद कर.

आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर गाड्यांना वापरू नको, निदान तुझ्याकडच्या कॅमेऱ्यात. ते सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं, तेवढ्यात गाडी पुढे गेलेली असते आणि गोल चाक कलतं, सरळ खांब तिरका होतो. पडद्याच्या शटरलाही पूर्वी ही खोड होती. झाक-आंरी लार्तीग नावाच्या फ्रेंच मुलाने 1912-13 च्या सुमाराला ग्रांप्रीच्या एका गाडीचा फोटो काढला. त्यात 6 आकड्याची गाडी निम्मी फ्रेमबाहेर गेली आहे, मागचं चाक अंडाकृती होऊन पुढे झुकलंय आणि कडेची माणसं उलट्या बाजूला कललीत. त्याचं शटर हळूहळू सरकत होतं आणि हात गाडीपेक्षा जरा कमी वेगाने फिरला, म्हणून असं झालं. तो फोटो पुढे जगभर गाजला, वेगाचा त्याच्याइतका जोरदार फोटो मी तरी पाहिलेला नाही. इंटरनेटवर शोधून बघ आणि चाकाकडे नीट लक्ष दे. पण हाताला शिस्त लागेपर्यंत चाकं गोलच यायला हवीत.

उभं कुठे राहायचं यावर सेटिंगइतकाच फोटो अवलंबून असतो. सरळ पट्ट्याच्या कडेने पॅनिंग केलंस तर गाडीचं नाक आणि शेपूट तुझ्या डोळ्यापुढून वेगवेगळ्या गतीने फिरतात, त्यामुळे हळू शटरला फक्त मधला भाग शार्प येतो आणि टोकं हलतात. वळणाच्या आतल्या बाजूला जागा मिळाली तर गाडी तुझ्याभोवती फिरते, अंतर सारखं राहतं, आणि अख्खी गाडी शार्प येऊ शकते. शटर 30 वर नेण्याची हौस असेल तर ती तिथे पुरवून घे. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मात्र, पास कितीही मोठा असो, कठड्यापुढे जायचं नाही. गाडी सुटली की ती बाहेरच्याच बाजूला येते. ट्रॅककडे पाठ करायची नाही, फोनवर बोलायचं नाही, बसायचं नाही. मार्शल हटायला सांगेल तर का म्हणून विचारायचं नाही, आधी हटायचं. पिवळा झेंडा दिसला की पुढे काहीतरी झालंय, लाल म्हणजे सगळं थांबलं. ते झेंडे फोटोवाल्यांसाठीही असतात.

कान उघडे ठेव. दिसायच्या आधी गाडी ऐकू येते. गिअर उतरवल्याचे आवाज मोजलेस तर गाडी कुठे ब्रेक लावते ते दोन लॅपमध्ये पाठ होतं. मद्रासचा ट्रॅक 3.7 किलोमीटरचा, 12 वळणांचा. 1990 पासून चालू आहे आणि एक गाडी पावणेदोन-दोन मिनिटांत परत तुझ्यासमोर येते. म्हणजे सराव सत्रात तुला तोच फोटो पुन:पुन्हा काढायची संधी मिळते. सगळे धाडसी प्रयोग सरावात आणि क्वालिफायिंगला करून घे, रेसच्या वेळी जे जमतं तेच कर. बटण दाबून धरून मशीनगन चालवू नको. तीन-चार फोटोंचा छोटा झोत पुरे. नाहीतर बफर भरतो आणि खरी टक्कर होते तेव्हा कॅमेरा कार्डावर लिहीत बसलेला असतो. आमच्याकडे रोलमध्ये 36 फोटो असायचे, त्यामुळे बोट आपोआप जपून चालायचं. तुझ्याकडे हजारो आहेत, तरी बोटाला तीच सवय लाव.

पास असला तरी बऱ्याच ठिकाणी जाळीच्या मागूनच काढावं लागेल. लेन्सचा हूड काढ, काच जाळीला जवळजवळ टेकव, अ‍ॅपर्चर उघडं ठेव, 4 किंवा 2.8, आणि जाळीचा सावलीतला तुकडा निवड. जाळी विरघळून जाते. पण पॅनिंगसाठी अ‍ॅपर्चर 16 वर गेलीस की तीच जाळी राखाडी पडदा होऊन फोटोवर पसरते. जाळीमागे हळू शटर हवं असेल तर एनडी लावूनच, दुसरा मार्ग नाही.

दुपारी बारा ते तीन लांबचे फोटो काढू नको. तापलेल्या डांबरावरून उठणाऱ्या हवेने लांबची गाडी वितळल्यासारखी दिसते, आणि ती चूक कॅमेऱ्याची समजून माणसं लेन्स दुरुस्तीला नेतात. शटर वाढवून, फोकस बदलून काही होत नाही. जवळची वळणं काढ, नाहीतर सावलीत बसून पाणी पी. सकाळचा आणि चारनंतरचा उजेड आपला. पाऊस आला तर आनंद मान. ओल्या ट्रॅकवर चाकांमागे उडणारा फवारा सूर्य समोर ठेवून काढलास की चमकतो, आणि तिथे 500 च्या वर गेलीस तर थेंब दिसतात, 125 ला धुकं होतं. दोन्ही काढून ठेव. चेन्नईत 2024 ला रस्त्यावर रात्रीची रेसही झाली. तशी कधी मिळाली तर अ‍ॅपर्चर 2.8, आयएसओ 3200 ते 6400, आणि कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू, नाहीतर दिव्यांच्या लुकलुकण्याने एक फोटो उजळ आणि पुढचा काळवंडलेला येतो.

परत आल्यावरची काळजी आपल्याकडे जास्त घ्यावी लागते. चिंचणी-नवापूरकडून खारं वारं येतं, पावसाळ्यात भिंतींना ओल येते, आणि लेन्सला बुरशी लागली की ती काचेवर कायमची खूण ठेवून जाते. बॅगेत ठेवून कपाट बंद करायचं नाही. घट्ट झाकणाचा डबा, त्यात निळी सिलिका जेल. ती गुलाबी झाली की तव्यावर मंद आचेवर हलवून पुन्हा निळी करायची आणि गार झाल्यावर परत घालायची. भाड्याची लेन्स असली तरी परत देण्याआधी मऊ कापडाने बाहेरून पुसून दे.

रात्री लॉजवर फोटो चाळताना आधी हेल्मेट किंवा आरसा पूर्ण मोठा करून बघ. तिथे शार्प नसेल तर बाकी कितीही सुंदर असो, बाजूला ठेव. शार्प असतील त्यांतून चाक फिरताना दिसतंय ते ठेव. दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही. आणि चेकर्ड झेंडा पडला म्हणून कॅमेरा बॅगेत टाकू नको. त्यानंतरच्या हळू लॅपमध्ये ड्रायव्हर हेल्मेटची काच वर करतात, मार्शल लोकांना हात दाखवतात, मार्शल झेंडे हलवून उत्तर देतात. ताशी 60-70 ने जातात, तुझा कुंभवली नाक्याचा हात तिथे बरोबर बसेल. शटर 125 ठेव. जे मार्शल दिवसभर उन्हात तुझ्याशेजारी उभे होते त्यांचेही दोन-दोन फोटो काढ, नंबर लिहून घे, आणि घरी आल्यावर तुझे फोटो कुठे लावायच्या आधी त्यांचे त्यांना पाठवून दे.